ल प्वी ते सँ-प्रिव्हा: फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून आणि रानातून चालण्याचा पहिला दिवस

फ्रान्समध्ये पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या लांब पल्ल्याच्या वाटांचं मोठं जाळं आहे. या वाटांना 'ग्रांद रांदोने', थोडक्यात जीआर म्हणतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: जीआर ६५ चा पहिला टप्पा, ल प्वी-आं-व्हले ते सँ-प्रिव्हा-दालिए. अंतर साधारण २४ किलोमीटर. सुरुवातीला कॅथीड्रलचं गाव, मग ज्वालामुखीच्या खडकाचं उघडं पठार, दगडी घरांच्या वाड्या, पाइनचं रान आणि शेवटी दरीत उतरणारी वाट, असं सगळं एका दिवसात भेटतं. वाटेवरच्या खुणा भरपूर आहेत, राहायची सोय आहे आणि हंगामात बरोबर चालणारी माणसंही असतात.

ही मूळची यात्रेची वाट. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क ९५०-५१ मध्ये इथून स्पेनमधल्या सँतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत गेला होता. त्या वाटेने आजही लोक चालतात. पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याच्या सँ-जाँ-पिए-द-पोरपर्यंतच ती साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि स्पेनचा भाग त्याच्या पुढे. पण पुष्कळ फ्रेंच लोक ती दरवर्षी आठवडा-आठवडा अशी तुकड्यातुकड्याने चालतात. तेव्हा एकच दिवस किंवा तीनच दिवस चाललात तरी त्यात कमीपणा काही नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला २४ किलोमीटर आणि पाच-सहाशे मीटर चढ ऐकून हे सोपं वाटेल. चढाच्या मानाने ते सोपं आहेही. फरक असा की गडावरून उतरलं की आपण एसटी पकडून घरी जातो, आणि इथे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पायांवर तेच बूट चढवायचे असतात. म्हणून पुढचं सगळं मी एकाच कसोटीवर सांगणार आहे: उद्या सकाळी पाय चालण्याजोगे राहतील का?

निघण्याच्या काही महिने आधी

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. वाटेचा वरचा भाग हजार मीटरच्या वर असल्यामुळे एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो. हिवाळ्यात इथे 'ब्युर्ल' नावाचा उत्तरेचा बोचरा वारा सुटतो आणि मुक्कामाच्या बऱ्याच जागा बंद असतात. मे आणि सप्टेंबर सर्वांत चांगले, म्हणून गर्दीचेही. जुलै-ऑगस्टमध्ये चालायचं असेल तर पठारावर सावली नाही हे लक्षात ठेवा. अलीकडे फ्रान्समध्ये उन्हाच्या कडक लाटा येतात आणि त्या दिवसांत पहाटेच निघावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. २०२४ च्या जूनपासून प्रौढांसाठी त्याचं शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. राहण्याचा पुरावाही मागतात. त्यामुळे मुक्कामाची आरक्षणं ई-मेलने करून त्यांची उत्तरं जपून ठेवा.

सरावाबद्दल एकच आग्रह आहे: सलग दोन दिवस चाला. शनिवारी पंधरा-अठरा किलोमीटर, रविवारी पुन्हा तितकेच, पाठीवर तीच पिशवी आणि पायात तेच बूट घेऊन. पहिल्या दिवशी काही कळत नाही. बूट कुठे घासतो, खांद्यावरचा पट्टा कुठे रुततो, हे सगळं रविवारी सकाळी कळतं. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी यात सिंहगडाचा उतार घालावा, कारण या टप्प्यात शेवटी गुडघ्यांची परीक्षा आहे.

पाठीवर काय असावं

आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड पिशवी नको. साठ किलोच्या माणसाने सहा किलो, फार तर सात, तेही पाण्यासकट. अंगावरचे कपडे सोडून एक बदली जोड पुरतो, कारण रोज संध्याकाळी धुवायचेच असतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, सुती नकोत. सुती मोजा घामाने ओला राहतो आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतो. पावसाळी जाकीट, पिशवीचं आवरण, टोपी, एक गरम थर, पातळ शिवलेली झोपायची खोळ (ब्लँकेट-उशी मुक्कामावर मिळते), कानात घालायचे बोळे, डोक्याला लावायचा छोटा दिवा, चिकटपट्टी, व्हॅसलीन, दोन पाण्याच्या बाटल्या. बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, चालून चालून पाय फुगतात. गुडघ्यांसाठी चालायच्या काठ्या जरूर न्या, मात्र त्या विमानात चेक-इन सामानात टाका.

खाऊबद्दल आपल्या लोकांना हमखास प्रश्न असतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून पेढे, तूप, खवा नको. शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की एवढं पुरे. ताज्या फ्रेंच पावात चीज आणि वर शेंगदाण्याची चटणी घालून बघा, दुपारच्या जेवणाला याहून चांगलं मला काही सुचत नाही.

पाठदुखी असेल, वय झालं असेल किंवा नुसतं हलकं चालायचं असेल, तर पिशवी एका मुक्कामावरून दुसऱ्यावर पोहोचवणाऱ्या गाड्या या वाटेवर हंगामात रोज फिरतात. एका टप्प्याचे दहा युरोंच्या आसपास पडतात. आदल्या दिवशी कळवायचं, सकाळी पिशवी दाराशी ठेवायची. वारीतही दिंडीचं सामान ट्रकनेच पुढे जातं. त्यामुळे यात कुणाची भक्ती किंवा हिंमत कमी होत नाही.

मुक्काम कसा ठरवायचा

चालणाऱ्यांसाठी असलेल्या राहण्याच्या जागेला 'जीत' म्हणतात. चार ते बारा खाटांच्या खोल्या, सामाईक न्हाणीघर, कधी जोडप्यासाठी वेगळी खोली. सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे 'दमी-पाँसियाँ': रात्रीचं जेवण, खाट आणि सकाळची न्याहारी मिळून साधारण ४५ ते ५५ युरो. काही जागी स्वयंपाकघर असतं आणि जेवण आपलं आपण बनवायचं. काही ठिकाणी ठरलेला दर नसतो, ऐपतीप्रमाणे पेटीत पैसे टाकायचे. अशा ठिकाणी पुढच्या पाहुण्याचं जेवण आपल्या पैशांतून शिजतं, म्हणून हात आखडता घेऊ नका.

मे आणि सप्टेंबरात या पहिल्या टप्प्याच्या खाटा फार लवकर भरतात, कारण जवळजवळ सगळेच ल प्वीहून निघतात. कित्येक आठवडे आधी आरक्षण करा. आणि बेत बदलला तर फोन करून कळवा. जीत चालवणारं घर तुमच्या नावाचा स्वयंपाक करून बसलेलं असतं आणि आगाऊ पैसे बहुतेक ठिकाणी घेतलेले नसतात. न कळवता न जाणं ही या वाटेवरची सर्वांत वाईट वागणूक समजावी.

शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा, जेवायला बसल्यावर नाही. नुसतं 'वेजेतारियँ' म्हणून भागत नाही. 'नी व्ह्याँद, नी प्वासाँ', म्हणजे ना मांस ना मासे, हेही जोडा. 'नी लार्दाँ' हेही सांगितलेलं बरं, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे इथे सॅलडपासून डाळीपर्यंत कशातही पडतात. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट करा, नाही तर बहुधा ऑम्लेट समोर येईल. कट्टर शाकाहाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी: इथली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात.

आदल्या संध्याकाळी, ल प्वीत

पॅरिसहून लियाँपर्यंत वेगवान गाडी दोन तासांत आणते. तिथून सँत-एतियेनमार्गे स्थानिक गाडीने ल प्वी. दुपारपर्यंत पोहोचा, कारण या गावाला निदान एक संध्याकाळ द्यायला हवी. ज्वालामुखीच्या सुळक्यावर बसलेलं देऊळ, दुसऱ्या खडकावर १८६० साली उभारलेली मेरीची प्रचंड मूर्ती (सेवास्तोपोलच्या युद्धात जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली), आणि मधोमध उंच पायऱ्यांचं कॅथीड्रल. चालणाऱ्याचा पासपोर्ट, म्हणजे शिक्के मारायची घडीची वही, कॅथीड्रलमध्येच मिळते. तिला 'क्रेदाँसियाल' म्हणतात. काही जीत फक्त ही वही असणाऱ्यांना घेतात, आणि महिना-वर्षांनी उघडून बघायला ती छान वाटते.

संध्याकाळी चार कामं उरका. उद्याच्या मुक्कामाला फोन करून येतोय असं सांगा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये रेंज जाते. शंभरएक युरो रोख काढा, पुढच्या लहान गावांत एटीएम नाही असं धरूनच चालायचं आणि कित्येक जीत कार्ड घेत नाहीत. चौथं काम चीज, फळं आणि सुकामेव्याची खरेदी. फ्रेंच गावांत दुकानं दुपारी बारा-साडेबारापासून दोन-तीन तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर उघडतच नाहीत, आणि कित्येक ठिकाणी सोमवारीही कुलूप दिसतं. लहान गावातला बेकरीवाला आठवड्यातून कुठला एक दिवस सुट्टी घेईल याचा नेम नसतो. म्हणून पुढच्या गावात घेऊ, या भरवशावर कधीच निघू नका.

सकाळ: सात ते नऊ

कॅथीड्रलमध्ये सकाळी सातला यात्रेकरूंसाठी प्रार्थना असते. ख्रिस्ती असायची अट नाही, कुणी विचारतही नाही. शेवटी धर्मगुरू सगळ्यांना भोवती बोलावून कोण कुठून आलं ते विचारतात, आशीर्वाद देतात, आणि मग सभागृहाच्या जमिनीतली लोखंडी जाळी उघडते. खाली पायऱ्या दिसतात आणि त्या पायऱ्यांनी देवळाच्या पोटातून थेट गावात उतरायचं. बिनधार्मिक माणसांनीही ही सुरुवात चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. आळंदीहून माउलींचं प्रस्थान पाहिलेल्याला वाटेला लावणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

खाली उतरल्यावर ताजा पाव घ्या, बाटल्या भरा (दोघी मिळून दीड ते दोन लिटर) आणि प्लास द्यु प्लो या चौकातून र्यु सँ-जाक गल्लीने चढायला लागा.

इथेच पहिली काळजी घ्यायची आहे. ल प्वीतून एकच जीआर निघत नाही. दक्षिणेला जाणारा जीआर ७० इथूनच सुटतो, इतरही वाटा आहेत, आणि सगळ्यांच्या खुणा सारख्याच: पांढऱ्या-लाल. तेव्हा पहिल्या तासात नुसता रंग बघून निघू नका. पाटीवरचा ६५ हा आकडा किंवा या यात्रेची खूण असलेलं शिंपल्याचं चिन्ह दिसतंय ना, ते तपासा.

गावाबाहेरचा चढ अंगावर येतो. घाम येणार, अंग तापणार आणि उत्साहात पाय भराभर पडणार. मुद्दाम हळू चाला, शेजारच्याशी बोलता येईल इतकं. पहिल्या अर्ध्या तासाने थांबून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधा, वरचा थर काढा. ताशी चार किलोमीटर हा चांगला वेग आहे. सहा तास चालणं आणि दोन तास थांबणं धरलं तर आठला निघालेला माणूस चारच्या सुमारास पोहोचतो आणि घाईचं कारण उरत नाही.

खुणा वाचायला शिका

जीआरची खूण म्हणजे दोन आडव्या पट्ट्या, वर पांढरी आणि खाली लाल. झाडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर, वाटेतल्या दगडावर, कुठेही असेल. वळण असेल तिथे पट्ट्यांखाली बाण असतो. पांढरी-लाल फुली दिसली तर ती वाट आपली नाही. नुसत्या पिवळ्या पट्ट्या या गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांच्या, आणि पिवळ्या-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाची गोल फेरी. या खुणा फ्रेंच पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक हातात ब्रश घेऊन रंगवतात आणि वेळोवेळी ताज्या करतात. अशी पहिली वाट १९४७ मध्ये ऑर्लेआँजवळ आखली गेली.

नियम एकच आणि तो कडक पाळा: दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे जाऊन कुठेतरी वाट मिळेलच असा हिशोब रानात करू नये. चौक आला की थांबून मान वर करायची, गप्पांच्या ओघात तसंच पुढे जायचं नाही. वाट चुकते ती बहुतेक वेळा रानाच्या मध्यावर नाही, तर गावातल्या एखाद्या कोपऱ्यावर, चार जण बोलत चाललेले असताना.

पठार: नऊ ते एक

चढ संपला की व्हलेचं पठार उघडतं आणि महाराष्ट्रातल्या माणसाला पायाखाली ओळखीचा दगड दिसतो. हा बेसाल्ट आहे, आपला काळा पाषाण. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्याच्या मानाने अगदी अलीकडचा. पण काळे बांध, काळ्या भिंती, मधूनच लालसर राखेचा दगड आणि त्यात उगवलेलं पीक बघून वाईची नाही तर जुन्नरची आठवण येते. पीकही बघण्यासारखं आहे. गुडघ्याखालीच राहणारी, बारीक पानांची नाजूक रोपं दिसली तर ती ल प्वीची हिरवी मसूर. वसंतात पेरतात, जुलै-ऑगस्टमध्ये काढतात. १९९६ पासून तिला आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं संरक्षण आहे. शेतात शिरू नका, शेंगा तोडून बघू नका. बांधावरून दिसतं तेवढं पुरे.

आठेक किलोमीटरवर सँ-क्रिस्तॉफ-स्युर-दोलेझाँ येतं. तांबूस ज्वालामुखी दगडाचं बाराव्या शतकातलं चर्च हीच त्याची ओळख. इथे पहिली मोठी विश्रांती घ्या. पिशवी उतरवा, बूट काढा, मोजेही काढा. पायाला दहा मिनिटं हवा द्या आणि बोटांच्या मधे, टाचेला, तळव्याच्या पुढच्या भागात बोट फिरवून बघा. कुठे गरम लागत असेल तर तिथे चिकटपट्टी आत्ता लावायची. गरम वाटणं हा फोडाचा निरोप आहे, आणि तो मिळाल्यावरही पुढच्या गावापर्यंत थांबणारा माणूस दुसऱ्या दिवशी लंगडतो. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पुढे वाड्यावाड्यांमधून वाट जाते. रामुरुस्क्लसारख्या वाडीत दगडी क्रूस आणि जुनी जाडजूड घरं आहेत. गावात शिरताना काही रीती पाळाव्यात. समोर येईल त्याला 'बाँजूर' म्हणायचं: म्हातारीला, ट्रॅक्टरवाल्याला, पोरांना, सगळ्यांना. दुकानात तर आधी बाँजूर आणि मग काम. तो शब्द गाळला की समोरच्याला तुम्ही उद्धट वाटता, पुढे कितीही गोड बोललात तरी. उत्तरादाखल बहुधा 'बाँ शमँ' ऐकू येईल, म्हणजे वाट चांगली होवो. गुरांच्या कुरणाचं फाटक उघडलं तर मागे बंद करा. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका.

पाणी संपत आलं तर दफनभूमी शोधा. फुलझाडांना पाणी घालायला बहुतेक दफनभूमीत नळ असतो आणि चालणाऱ्यांचा तो जुना आधार आहे. मात्र 'नॉन पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. गुरांच्या दगडी हौदातलं पाणी डोक्यावर घ्यायला छान, प्यायला नाही.

काही तुकडे डांबरी रस्त्याने आहेत. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून आपण डाव्या कडेने, गाड्यांकडे तोंड करून चालायचं. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते, आणि थकल्यावर तर हमखास. निवांत खेड्यातला रस्ता म्हणून गाफील राहू नका, तिथे गाड्या वेगात येतात.

सोळाएक किलोमीटरवर, माँबॉने गावाच्या जरा अलीकडे, माळावर एकटंच उभं सँ-रॉकचं छोटं दगडी देऊळ आहे. सँ रॉक हा प्लेगपासून राखणारा संत. मांडीवरची जखम दाखवणारा यात्रेकरू आणि तोंडात पाव धरलेला कुत्रा, असं त्याचं रूप असतं. जेवणाला ही जागा उत्तम. भिंतीच्या आडोशाला वारा लागत नाही. माँबॉनेत कॅफे मिळण्याची शक्यता असते, पण उघडा असेलच असं समजू नका. जेवून लगेच उठू नका, आणि पोटभर झोपही काढू नका. अर्धा तास पुरे, नाही तर पाय आखडतात.

रान: एक ते तीन

माँबॉनेनंतर वाट वर चढून रानात शिरते. लाक द लफ नावाच्या भागात आपण सुमारे १२०० मीटरवर असतो. नाव तळ्याचं, पण तिथे दलदलीची सपाट जमीन आहे आणि भोवती पाइन-स्प्रूसची उंच झाडी. उघड्या पठारावरच्या चार तासांनंतर एकदम सावली येते, पायाखाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर लागतो. दिवसातला माझा सर्वांत आवडता तास हाच.

इथून जीआर ४० हा ज्वालामुखींच्या डोंगरांचा मोठा फेराही जातो, त्याच पांढऱ्या-लाल रंगात. फाट्यावर आकडा वाचूनच वळा.

या रानात वाघ-बिबट्याची भीती नाही. जपायचं ते किडीला. गवतात आणि झुडपांत गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. लांब विजार घाला, गवतात लोळू नका, आणि संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला तपासा. चिकटलेली दिसली तर तेल, मेण, काडी असले उपाय नकोत. हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात मिळणारा छोटा हुक वापरून ती हळूच फिरवत काढा आणि जागा धुवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल डाग उठला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आजार रोजचा नसतो.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. वाटेवर 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली किंवा नारिंगी जाकिटातली माणसं, कुत्रे, बंदुका दिसल्या, तर थांबा, मोठ्याने बाँजूर म्हणा, पुढे जाऊ का ते विचारा आणि वाट अजिबात सोडू नका. शरद ऋतूत चालणार असाल तर पिशवीवर भडक नारिंगी आवरण हवंच. काळी-हिरवी जाकिटं त्या दिवसांत घरी ठेवा.

पावसानंतर टोपलीवाले मश्रूम वेचताना दिसतील. तुम्ही वेचू नका: रान बहुधा कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि ओळख चुकली तर जिवावर बेतू शकतं. आग पेटवायची नाही, सिगारेटही नको. झाडामागे बसावं लागलं तर वाटेपासून आणि ओढ्यापासून दूर जा, खड्डा करून बुजवा आणि कागद पिशवीत घालून परत आणा. इतकी माणसं या वाटेने जातात की हे प्रत्येकाने पाळलं तरच रान रान राहतं.

अपघात झाला तर ११२ लावा. जवळची खूण, वाडी किंवा फोनवरचे अक्षांश-रेखांश सांगा.

उतार आणि मुक्काम

ल शिए वाडीनंतर सँ-प्रिव्हाकडे उतरणारी वाट अरुंद, दगडगोट्यांची आणि मुळांची आहे. गाव नऊशे मीटरच्या आतच आहे, म्हणजे रानातल्या माथ्यापासून एकूण तीनएकशे मीटर खाली जायचं, तेही पाय थकल्यावर. घोटे मुरगळतात ते इथेच. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून पाणी प्या, नाड्या पुढून घट्ट करा म्हणजे बोटं बुटाच्या टोकाला आपटणार नाहीत, काठ्या थोड्या लांब करा आणि छोटी पावलं टाका. पाऊस झाला असेल तर दुप्पट वेळ धरा. समोर गाव दिसलं तरी वेग वाढवू नका.

जीत बहुधा दुपारी तीन-चारला उघडतात. दाराशी बूट काढायचे, काठ्या बाहेर. पिशवी खाटेवर ठेवायची नाही. कित्येक ठिकाणी ती ढेकणांच्या भीतीने खोलीबाहेर ठेवतात आणि लागेल तेवढंच सामान टोपलीत घेऊन आत जायला सांगतात. न कुरकुरता ऐका. मग क्रम असा: आंघोळ, कपडे धुऊन उन्हात, पायांची तपासणी, वहीवर शिक्का, उद्याच्या मुक्कामाला फोन. यातलं काहीही जेवणानंतरवर टाकू नका, कारण जेवणानंतर डोळे मिटतात.

जेवण साधारण सातला, सगळ्यांचं एकाच लांब टेबलावर: सूप, मुख्य पदार्थ, चीज, गोड. ल प्वीची मसूर ताटात येण्याची शक्यता बरीच आहे. ती शिजूनही अख्खी राहते, चवीला थोडी मिरमिरीत, आणि कांदा-गाजराबरोबर अगदी साधी केलेली असते. मोडकं फ्रेंच असलं तरी बोला. उद्या कुठे चढ आहे, कुठला पूल बंद आहे, कोणतं दुकान उघडं आहे, ही ताजी माहिती या टेबलावर मिळते. नऊ-साडेनऊला दिवे मालवतात. पिशवी रात्रीच भरून ठेवा, पहाटे प्लास्टिकच्या पिशव्या खुळखुळवू नका.

दुसऱ्या दिवशी थांबायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जीतवाल्यांना सांगून ल प्वीला परतायला टॅक्सी मागवणं. दुसरी मला जास्त आवडते: सकाळी आणखी सातेक किलोमीटर चालून, रोशग्युदचं कड्यावरचं चॅपेल बघून आलिए नदीकाठच्या मोनिस्त्रोल-दालिएला उतरायचं. तिथे क्लेरमाँ-फेराँ ते नीम या घाटातल्या रेल्वेचं स्टेशन आहे. गाड्या दिवसातून अगदी मोजक्या असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच बघा आणि उतार तीव्र असल्यामुळे तीन तास हाताशी ठेवून निघा.